आधी घर, मग फळा

नेपाळच्या स्यांगजा जिल्ह्यातलं सिरुबारी हे गुरुंगांचं गाव. पाहुणे येणार असले की गावाच्या तोंडाशी पंचेबाजा वाजू लागतो आणि गावातल्या बाया फुलांचे हार घेऊन उभ्या राहतात. स्वागत झालं की कोण कुणाच्या घरी जाणार हे समितीकडून कळतं. पाहुण्याला घर निवडता येत नाही. ज्या घराची पाळी असेल, त्या घरी तो जातो. सैन्यातून निवृत्त झालेले कॅप्टन रुद्रमान गुरुंग यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये सुरू झालेली ही पद्धत पुढे नेपाळभर पसरली. २०१० मध्ये सरकारने होमस्टेसाठी नियमावली केली. सामुदायिक होमस्टे म्हणायचं, तर गावातली किमान पाच घरं त्यात सामील असावी लागतात. म्हणजे पाहुणचार एका घराचा असला, तरी जबाबदारी गावाची असते.

शाळेतल्या मुलांबरोबर काही आठवडे काम करायला नेपाळच्या डोंगराळ भागात येणारे परदेशी तरुण अनेकदा अशाच घरांत राहतात. सकाळी घरच्यांबरोबर डाळभात जेवतात, दहाच्या सुमाराला शाळेत जातात आणि दिवेलागणीला परततात. युरोप-अमेरिकेतून येणारे जास्त असले, तरी हा विषय आता मराठी घरांतही आला आहे. पुण्या-मुंबईतले महाविद्यालयीन विद्यार्थी विद्यार्थी-संघटनांमार्फत सुट्टीतले सहा-आठ आठवडे परदेशात घालवतात, तिथल्या कुटुंबात राहतात आणि शाळांत जातात. प्रवेशाच्या अर्जात त्या अनुभवाची नोंद होते आणि आईवडील अभिमानाने त्याबद्दल सांगतात.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘घर’ हा विषय दिला, तेव्हा हा प्रकार त्या विषयाच्या कडेला असेल असं वाटणं स्वाभाविक होतं. पण अभ्यासू लागल्यावर तो थेट मध्यभागी येतो. परदेशी स्वयंसेवकांविषयीची चर्चा बहुतेक वेळा वर्गापासून सुरू होते: त्यांना शिकवता येतं का, मुलांना इंग्रजी येतं का, किती दिवस पुरेसे. ती घरापासून सुरू व्हायला हवी, असं मी या लेखात मांडणार आहे. मूल आपल्या घरी राहतं आणि पाहुणा त्याच्या गावात येऊन, तिथल्या एखाद्या घराच्या नियमांत राहतो, तेव्हा या कामातून काही भलं होण्याची शक्यता असते. पाहुण्याच्या सोयीसाठी मुलाला घरातून हलवलं जातं, तेव्हा तेच काम मुलाच्या मुळावर येतं. बाकीचे प्रश्न त्यानंतरचे.

रिकामी खोली

होमस्टेत पाहुण्याला जी खोली मिळते ती आधी कुणाची होती, हे विचारण्यासारखं आहे. नेपाळच्या डोंगराळ भागातली अनेक घरं अर्धी रिकामी आहेत. गुरुंग आणि मगर कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुष ब्रिटिश आणि भारतीय सैन्यात गेले. लाहोरला भरतीला जाणाऱ्यांवरून त्यांना ‘लाहुरे’ म्हणतात. आता तरुण आखाती देशांत, मलेशियात, कोरियात जातात. भारतात येणारे तर आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत: मुंबईतल्या इमारतींच्या फाटकावर, गोव्यातल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात. परदेशातून नेपाळमध्ये येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास पाव हिश्श्याइतका आहे. पाहुण्याची गादी अंथरली जाते ती पुष्कळदा दूर राबणाऱ्या मुलाच्या खोलीत, आणि रोज सकाळी चूल पेटवणारी बाई त्या मुलाची आई असते.

हे लक्षात आलं की होमस्टेचा व्यवहार नीट समजतो. ते घर पाहुण्याला फुकट ठेवत नाही आणि ठेवूही नये. ठरलेला दर असतो. त्यातला मोठा भाग घराला मिळतो, काही भाग गावाच्या निधीत जातो, आणि त्यातून पायवाटा, पाण्याची सोय, कधी शाळेची गरज भागते. पाळीची पद्धत असल्याने रस्त्यालगतच्या घरालाच सगळे पाहुणे मिळत नाहीत. कष्ट मुख्यतः बायकांचे असतात. सरपण, पाणी, दोन वेळचा स्वयंपाक, खोलीची साफसफाई. म्हणून पैसे त्यांच्या हातात पडणं हा या व्यवहारातला सर्वांत थेट आणि खात्रीचा लाभ आहे. स्वयंसेवकाने शाळेत काय केलं यावर वाद होईल. घराला मिळालेल्या पैशांबाबत वाद नाही.

पण घर याहून मोठं काम करतं. ते पाहुण्याला कुणाचं तरी माणूस करतं. तो ‘आमा’ म्हणजे आई म्हणू लागतो, ‘दिदी’ म्हणू लागतो. भेटणारा प्रत्येक जण ‘खाना खानुभयो?’ विचारतो. ‘जेवलात का?’ विचारणाऱ्या मराठी माणसाला त्या प्रश्नाचा खरा अर्थ सांगावा लागत नाही. ताटातलं उष्टं दुसऱ्याच्या ताटात जाऊ नये, पाण्याच्या भांड्याला ओठ लागू नयेत, कुणाच्या चुलीजवळ कुठवर जायचं हे त्या घराचं मत, हे सगळं तो चुकत-चुकत शिकतो. त्या गावातलं कोणतं मूल कुणाचं, कोणाचा बाप कतारमध्ये आहे, कुणाची आई आजारी आहे, हे त्याला त्या घरात कळतं. आणि त्याचं वागणं पाहणारी माणसं रोज त्याच्यासमोर असतात. रात्री तो कुठे होता, मुलांशी कसा बोलतो, फोटो कुणाचे काढतो, हे आमाला ठाऊक असतं. कार्यालयातून कितीही अर्ज भरून घेतले तरी ही नजर त्यांतून मिळत नाही.

ज्यांना घरातून उचललं

हा मुद्दा किती गंभीर आहे हे उलट्या बाजूने पाहिलं की कळतं. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमला, जुम्ला अशा कर्णालीतल्या दूरच्या जिल्ह्यांतून हजारो मुलं काठमांडूच्या दिशेने आली. मुलाला शिक्षण मिळेल, युद्धापासून ते सुरक्षित राहील असं सांगून दलाल आईवडिलांकडून पैसे घेत. मुलं ज्या बालगृहांत पोहोचत, त्यांपैकी अनेकांत ती अनाथ म्हणून दाखवली जात. या मुलांना भेटायला, त्यांच्याशी खेळायला, शिकवायला आणि देणगी द्यायला परदेशी माणसं येत. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफने दिलेल्या माहितीनुसार नेपाळच्या बालगृहांतल्या मुलांपैकी किमान ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी हयात होते. नोंदणीकृत बालगृहांपैकी सुमारे ९० टक्के फक्त पाच जिल्ह्यांत होती: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. पोखरा कास्कीत आहे, आणि गेंडे पाहायला पर्यटक चितवनला जातात. गरिबी कर्णालीसारख्या दूरच्या भागात, आणि अनाथाश्रम मात्र जिथे पर्यटक जातात तिथे. ज्याला अनाथ मुलांची सेवा करायची होती, त्याच्या इच्छेनेच अनाथ मुलांची मागणी निर्माण केली होती.

कंबोडियातही हेच घडलं. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत होते, असं युनिसेफच्या पाहणीत आढळलं. त्यानंतर तिथे पर्यटकांना थेट उद्देशून मोहीम निघाली: मुलं ही पाहण्याची स्थळं नव्हेत. हळूहळू जगभर भूमिका बदलली. मोठ्या प्रवास-कंपन्यांनी अनाथाश्रमातल्या स्वयंसेवेचे कार्यक्रम बंद केले. २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना ऑस्ट्रेलियाने अनाथाश्रमांसाठी होणारी मुलांची तस्करी हा त्या गुलामगिरीचाच प्रकार मानला. नेपाळनेही २०१८ च्या बालबालिका कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय ठरवला.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली आणि तीस हजारांहून अधिक वर्गखोल्या पडल्या किंवा निकामी झाल्या. त्या दिवसांत जगभरच्या माणसांना नेपाळच्या मुलांसाठी काही करायचं होतं. तेव्हा सरकारने मुलांना पालकांशिवाय एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यावर बंदी आणली. मदत करू पाहणाऱ्या अनेकांना ती अडवणूक वाटली. प्रत्यक्षात मूल आहे तिथेच राहील आणि मदतीने त्याच्याकडे जावं, हा त्या आदेशाचा अर्थ होता. या लेखातला सगळा युक्तिवाद त्या एका आदेशात आहे.

दहाची घंटा

घराची बाजू अशी स्पष्ट झाल्यावर शाळेकडे वळता येतं. नेपाळच्या गावातल्या सामुदायिक शाळेचा दिवस दहाच्या सुमाराला सुरू होतो, कारण त्याआधी घरोघरी सकाळचा भात झालेला असतो. आठवड्याची सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा भरते. शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. डोंगरातल्या शाळांना पावसाच्या किंवा थंडीच्या दिवसांत लांब सुट्टी असते, आणि दसैं-तिहारच्या, म्हणजे दसरा-दिवाळीच्या, आसपास शाळा कित्येक दिवस बंद राहतात. आता परदेशी पाहुण्याचं वेळापत्रक पाहा. ट्रेकिंगचा उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे नेमके दसैं-तिहारचे दिवस. युरोप-अमेरिकेच्या विद्यापीठांची सुट्टी जुलै-ऑगस्टची, म्हणजे भरपावसाचे दिवस. आषाढात भाताची लावणी असते, पंधरा आषाढाला दहीपोहे खाऊन तो दिवस साजरा होतो, आणि मोठी मुलं शेतात लागतात. पाहुण्याच्या सोयीने शाळेला वर्ग भरवावा लागला, तर त्या दिवशी कुणी कुणाची सेवा केली हे विचारावं लागतं.

वर्गात शिरल्यावर दुसरा प्रश्न येतो तो सातत्याचा. इंग्रजी हा विषय पहिलीपासून आहे आणि दहावीनंतरच्या एसईई परीक्षेत तो मुलाची पुढची वाट ठरवण्याइतका महत्त्वाचा ठरतो. पाठ्यपुस्तक ठरलेलं, धडे ठरलेले. सहा आठवड्यांसाठी आलेला पाहुणा मुलांना कुठवर आलं आहे हे माहीत नसल्याने पहिल्यापासून सुरू करतो: नाव सांगा, रंग सांगा, गाणं म्हणा. तो जातो आणि पुढचा येतो, तोही तिथूनच सुरू करतो. वर्षभरात तीन पाहुणे आले तर मुलं तीन वेळा नाव सांगायला शिकतात आणि पाठ्यपुस्तकाचा मधला भाग राहून जातो. परीक्षेच्या वेळी तो भरून काढायचा असतो तो शाळेच्या शिक्षकाने. पाहुण्याच्या आनंदी तासानंतर त्याचा तास मुलांना रुक्ष वाटू लागतो, हा तोटा कुठल्याच अहवालात येत नाही.

तिसरा प्रश्न मुलांच्या मनाचा. ज्या गावात निम्मे बाप परदेशात आहेत, त्या गावातल्या मुलांना निरोप घेण्याची सवय आधीच लागलेली असते. त्यांच्यात मिसळून, त्यांना मांडीवर घेऊन, त्यांच्या मनात आपली जागा करून महिन्याभरात निघून जाणं ही साधी गोष्ट नाही. बालगृहातल्या मुलांवर होणारा हा आघात अभ्यासकांनी वारंवार मांडला आहे. घरी राहणाऱ्या मुलाचं दुःख त्यापेक्षा कमी असतं, कारण संध्याकाळी त्याला जवळ घेणारी आजी असते. घर इथेही राखण करतं.

म्हणून शाळेतला नियम साधा असायला हवा: वर्ग शिक्षकाचा, पाहुणा त्याच्या शेजारी. शिक्षक धडा शिकवेल, पाहुणा उच्चार ऐकवेल, गटांत मुलांशी बोलेल, वाचायला कमी पडणाऱ्या दोघांबरोबर बसेल. शिक्षकाला इंग्रजी बोलण्याचा सराव हवा असेल तर शाळा सुटल्यावर पाहुण्याशी बोलेल. तो सराव पाहुणा गेल्यावरही गावात राहतो, कारण शिक्षक गावात राहतो. पाहुण्याने एकट्याने मुलांसोबत बंद खोलीत असू नये. हा नियम मुलांच्या सुरक्षेसाठी आहे आणि चांगल्या पाहुण्याचंही तो संशयापासून रक्षण करतो.

काहीच नसण्यापेक्षा

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: त्या गावात इंग्रजीचा शिक्षकच नसेल तर? सहा आठवडे शिकवणारा परदेशी मुलगा काहीच नसण्यापेक्षा बरा नाही का? हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. शिक्षकाची रिकामी जागा हा जबाबदार यंत्रणेने सोडवायचा प्रश्न आहे. फुकटचा पाहुणा ती जागा भरू लागला की ती भरण्याचा तगादा ढिला पडतो, आणि पाहुणा गेल्यावर जागा रिकामीच राहते. नेपाळमध्ये शिक्षक होण्यासाठी अध्यापन अनुमतिपत्र लागतं. आपल्याकडे पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षणशास्त्राची पदविका किंवा पदवी आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागते. साताऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत उद्या कुणी डॅनिश विद्यार्थी सहा आठवडे एकटा वर्ग घेऊ लागला, तर पालक विचारतीलच की याला शिकवण्याचा अधिकार कुणी दिला. नेपाळच्या लमजुंग जिल्ह्यातल्या पालकाला तेच विचारण्याचा हक्क आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा: विमानाच्या तिकिटाचे पैसे थेट शाळेला पाठवले तर जास्त उपयोग होणार नाही का? हिशेबात होईल. पण हा युक्तिवाद माणसाला फक्त देणगीदार समजतो. दुसऱ्या देशातल्या घरात राहून आलेला तरुण ज्या प्रकारे तिथल्या माणसांना समान मानू लागतो, तसं धनादेशाने होत नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली ती याच श्रद्धेने, की एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्याच्या घरात राहावं, त्याचं जेवण जेवावं. त्या कल्पनेत कुणी उपकारकर्ता नव्हता. परदेशी स्वयंसेवेने शिकण्यासारखं तेच आहे: पैसा घराला आणि गावाला पूर्ण, उघडपणे द्यावा, आणि आपण सेवा करायला आलो नसून शिकायला आलो आहोत हे आधी मान्य करावं.

तिसरा आक्षेप सर्वांत कठोर आहे. १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या एका भाषणात विचारवंत इव्हान इलिच यांनी तिथे सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही येऊच नका. यायचं असेल तर पाहायला, शिकायला, आनंद घ्यायला या, मदत करायला नको. त्यांचा मुद्दा असा की तुमची सदिच्छा तुमच्या जगण्याची पद्धत सोबत घेऊन येते आणि गरिबाला ती नाकारता येत नाही. मला त्यांचं निदान मान्य आहे. त्यांच्या निष्कर्षापुढे मात्र एक पाऊल टाकता येतं असं वाटतं. पाहुण्याला नाकारण्याचा अधिकार ज्या गावाला आहे, त्या गावात जाणं वेगळं. ज्या घराने त्याला ठेवून घेतलं ते घर ‘आता पुरे’ म्हणू शकतं, शिक्षक ‘हा धडा मीच घेतो’ म्हणू शकतो, समिती पुढच्या वर्षी पाहुणा नको म्हणू शकते. नकाराची ती सोय जिथे आहे तिथे सदिच्छा जुलूम होत नाही.

ज्यांनी वेळ दिला

जुन्या संस्थांचा अनुभव हेच सांगतो. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था सुरू झाली तेव्हा शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुलं परदेशी पाठवली जात. हळूहळू संस्थेने ती पद्धत सोडली आणि मुख्यतः प्रशिक्षित, अनुभवी माणसं पाठवू लागली. अमेरिकेच्या पीस कॉर्प्सचे स्वयंसेवक १९६२ पासून नेपाळमध्ये येऊ लागले. यादवीच्या काळात २००४ ला काम थांबलं आणि २०१२ ला पुन्हा सुरू झालं. तिथला कालावधी सत्तावीस महिन्यांचा, आणि त्यातले पहिले सुमारे तीन महिने स्वयंसेवक एका कुटुंबात राहून भाषा शिकतो. त्या क्रमाकडे लक्ष द्या. आधी घर, मग भाषा, मग शाळा. सहा आठवड्यांच्या कार्यक्रमात हा क्रम पाळायचा, तर सहाही आठवडे घरात आणि भाषेतच जातील. तसंही काही बिघडत नाही. तेवढ्या वेळात पाहुण्याने शिकावं, शाळेत शिक्षकाचा हात व्हावं, आणि शिकवण्याचा दावा करू नये.

कमी वेळ राहिलेल्या माणसानेही टिकणारं काही केल्याचं उदाहरण लमजुंगमध्येच आहे. जॉन वुड हे मायक्रोसॉफ्टमधले अधिकारी १९९८ मध्ये तिथे ट्रेकला गेले, बाहुनडांडा गावातल्या शाळेचं पुस्तकांविना ग्रंथालय त्यांनी पाहिलं, आणि पुढे त्यातून रूम टू रीड ही संस्था उभी राहिली. सुरुवात दान केलेल्या इंग्रजी पुस्तकांनी झाली. पण संस्थेने पुढे जे केलं ते अधिक महत्त्वाचं: स्थानिक लेखक-चित्रकारांकडून मुलांच्या भाषांत पुस्तकं करून घेतली. बाहेरच्या माणसाने एक उणीव पाहिली, आणि ती भरून काढली तिथल्याच लिहिणाऱ्या हातांनी. नेपाळच्या २०२१ च्या जनगणनेत १२४ मातृभाषांची नोंद आहे. घरी तमू ही गुरुंगांची भाषा बोलणाऱ्या मुलाला शाळेत नेपाळी आणि इंग्रजी अशा दोन परक्या भाषांतून शिकावं लागतं. तिसरी परकी भाषा पाहुण्याने आणू नये, एवढं तरी तो करू शकतो.

वाचता येणाऱ्याची जबाबदारी

मराठी तरुण नेपाळला जातो तेव्हा त्याच्याकडे जर्मन किंवा जपानी तरुणाकडे नसलेली एक गोष्ट असते: लिपी. पहिल्याच दिवशी त्याला फळ्यावरचं वाचता येतं, दुकानावरची पाटी कळते, पाठ्यपुस्तकातला धडा अडखळत का होईना वाचता येतो. पण ओळख वाटते तितकी खरी नसते. नेपाळीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘शिक्षा मन्त्रालय’ ही पाटी मराठी डोळा वेगळ्या अर्थाने वाचतो. ज्या देशाने २०१८ मध्ये मुलांना मारण्यावर पूर्ण कायदेशीर बंदी घातली आणि तसं करणारा दक्षिण आशियातला पहिला देश ठरला, त्या देशातला हा शब्द आपल्याला शिकवण्यासारखा आहे. जवळची भाषा आहे म्हणून तिथलं सगळं आपल्याला कळतं असं मानणं हे लिपी न येण्यापेक्षा मोठं अज्ञान ठरू शकतं.

म्हणून निघण्याआधी विचारायच्या प्रश्नांची सुरुवात घरापासून करावी. मी कुणाच्या घरी राहणार, त्यांना किती पैसे मिळणार, आणि ते त्यांना कोण देणार? ज्या मुलांना मी भेटणार ती संध्याकाळी कुठे जातात? त्याचं उत्तर ‘आपल्या घरी’ असंच असायला हवं. उत्तर ‘इथेच राहतात’ असं आलं तर तिथून परत फिरावं. माझ्याशिवाय वर्ग कोण घेतं, आणि त्याला मी यावं असं वाटतं का? मी ज्या दिवसांत येतो त्या दिवसांत शाळा भरते का? पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करायलाही नेपाळचा कायदा परवानगी देत नाही. भारतीयांना व्हिसा लागत नसला, तरी त्यांनीही गावाचा आणि शाळेचा होकार मागितलाच पाहिजे.

काम चांगलं झालं की नाही याची परीक्षा निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी होते. सकाळी आमाची चूल नेहमीच्या वेळी पेटते. दूर गेलेल्या मुलाची खोली पुन्हा झाडून घेतली जाते. दहा वाजता घंटा होते, शिक्षक काल जिथे थांबले होते तिथून पुढचा धडा सुरू करतात, आणि कुठलंही मूल कुणाची वाट पाहत दाराकडे बघत नाही. ‘फेरि भेटौँला’, पुन्हा भेटू, असं म्हणून निघालेल्या पाहुण्याने एवढं मागे ठेवलं, तर तो खरंच त्या घरचा झाला होता.